साधन, सराव आणि कर्ता

प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी हा वेळ आणि अचूकता यांचा एकत्र हिशेब मांडणारा खेळ आहे. ऑलिंपिकमधल्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात नेमबाज एका जागी उभा असतो, लक्ष्य ठरलेल्या अंतरावर असते आणि ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात. प्रॅक्टिकल प्रकारात नेमबाज धावतो, आडोशाच्या कडेने वाकून गोळी झाडतो, चालता चालता मॅगझिन बदलतो. कागदी आणि पोलादी लक्ष्ये वेगवेगळ्या अंतरांवर लावलेली असतात आणि प्रत्येक स्टेजची मांडणी निराळी असते. अमेरिकेत १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात भरणाऱ्या स्पर्धांतून हा खेळ आकाराला आला. मे १९७६ मध्ये मिझुरी राज्यातील कोलंबिया येथे झालेल्या परिषदेत इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, म्हणजे आयपीएससी, ही संघटना स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे ब्रीद.

या खेळात एक जुना तात्त्विक प्रश्न अगदी उघड्यावर येतो. टायमरचा बीप वाजल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत मुरलेल्या नेमबाजाला साधारण एक ते दीड सेकंद लागतो. जवळच्या लक्ष्यावर मारलेल्या दोन गोळ्यांत ०.१५ ते ०.२५ सेकंदाचे अंतर असते. डोळ्यांना काही दिसल्यावर बोटाने त्याला साधा प्रतिसाद द्यायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो. पहिली गोळी कुठे लागली हे पाहून, विचार करून, दुसरी झाडायची की नाही हे ठरवायला अवकाशच उरत नाही. तरीही दुसरी गोळी नेमबाजाचीच मानली जाते, तिचे गुण आणि तिचा दंड त्याच्याच नावावर लागतो. विचाराला जागा नसलेली कृती कोणाची, आणि ती चांगली झाली तर श्रेय हाताचे, पिस्तुलाचे, सरावाचे की माणसाचे?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वरीत या पाचांवर विस्ताराने निरूपण आहे. या विभागणीचा रोख असा की एकट्या स्वतःला कर्ता समजणारा माणूस चुकीचे पाहतो. नेमबाजीत ही पाचही कारणे सुटी सुटी दाखवता येतात, आणि साधनांविषयी व सरावाविषयी जो काही व्यावहारिक सल्ला दिला जातो तो शेवटी या पाचांपैकी कशावर माणसाचा ताबा चालतो याचाच सल्ला असतो.

त्याआधी गुणांची रीत समजून घेतली पाहिजे, कारण चांगली कृती कोणती हे तीच ठरवते. कागदी लक्ष्यावर ए, सी आणि डी असे तीन विभाग असतात. कमी शक्तीच्या म्हणजे मायनर काडतुसाला त्यांचे अनुक्रमे ५, ३ आणि १ गुण मिळतात. जास्त शक्तीच्या मेजर काडतुसाला ५, ४ आणि २. लक्ष्य चुकले तर १० गुण वजा, आणि न मारण्याच्या लक्ष्याला गोळी लागली तरी १० वजा. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की हिट फॅक्टर निघतो. समजा १२ गोळ्यांची एक स्टेज आहे. एकाने सगळ्या गोळ्या ए विभागात मारून ६० गुण मिळवले आणि ८ सेकंद घेतले. त्याचा हिट फॅक्टर ७.५. दुसऱ्याने मायनर काडतुसाने ९ ए आणि ३ सी मारले, ५४ गुण मिळवले, पण ६.७५ सेकंदांत, त्याचा ८. दुसरा पुढे गेला.

यावरून वेग नेहमीच वरचढ असे समजणे ही नवशिक्याची पहिली फसगत. हिट फॅक्टर ८ असलेल्या स्टेजवर ए ऐवजी सी लागला तर २ गुण गेले, म्हणजे पाव सेकंद गेला. लांब पल्ल्याच्या, अवघड स्टेजवर हिट फॅक्टर ३ असेल तर त्याच २ गुणांची किंमत जवळजवळ पाऊण सेकंद होते. लक्ष्य साफ चुकले तर हातचे ५ आणि दंडाचे १० असे १५ गुण जातात. हिट फॅक्टर ८ असतानाही ते जवळपास दोन सेकंदांइतके महाग पडते. सावधपणा आणि घाई यांचा योग्य बिंदू प्रत्येक स्टेजवर, खरे तर प्रत्येक लक्ष्यावर, सरकत असतो. ॲरिस्टॉटलने सद्गुणाला दोन टोकांमधला मध्य म्हटले, पण हा मध्य मोजपट्टीने काढायचा नाही असेही बजावले, आणि त्यासाठी मायलो या मल्लाच्या आहाराचे उदाहरण दिले: त्याला जे कमी पडेल ते नवशिक्याला जास्त होईल. अचूकता ही चांगली आणि घाई वाईट असा सरसकट निवाडा हा खेळ चालू देत नाही. प्रसंग ओळखून पुरेसे तेवढेच करण्याची समज तो तपासतो, आणि ही समज नियम पाठ करून येत नाही.

आता करण, म्हणजे साधन. भाष्यकार करण या शब्दाने मुख्यतः इंद्रिये घेतात. पिस्तूल हे इंद्रिय नाही, ते बाहेरचे आहे, विकत मिळते आणि बदलता येते. मात्र खेळाचे नियमच या बाबतीत एक विलक्षण भूमिका घेतात. रेंजवरची यंत्रणा बिघडली, फिरते लक्ष्य अडकले किंवा आधीच पडून गेले, तर नेमबाजाला ती स्टेज पुन्हा खेळायला मिळते. त्याचे स्वतःचे पिस्तूल अडकले तर मिळत नाही. घड्याळ चालू राहते. त्याने स्लाइड ओढावी, अडकलेले काडतूस काढावे आणि पुढे जावे. बाहेरचे जग आणि कर्ता यांच्यामधली रेघ नियमांनी पिस्तुलाच्या पलीकडे ओढली आहे. पिस्तूल हा नेमबाजाचाच भाग आहे आणि त्याची निगा ही त्याचीच कृती आहे, असे हा नियम न बोलता सांगतो. फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती याने १९४५ मध्ये अंधाच्या काठीविषयी असेच मांडले होते: सवय झालेली काठी ही जाणवायची वस्तू उरत नाही, तिच्या टोकाशी जग जाणवू लागते. चांगल्या साधनाची कसोटी इथेच लागते. ज्याच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही ते साधन चांगले.

म्हणून नवशिक्याने पिस्तूल निवडताना पहिला निकष भरवशाचा ठेवावा, दुसरा हातात नीट बसण्याचा. नऊ मिलिमीटरचे, पूर्ण आकाराचे, कारखान्यातून जसे आले तसेच पिस्तूल सुरुवातीला पुरते. ग्लॉक १७ सारखे हलके पिस्तूल असो किंवा सीझेड शॅडो २ सारखे सुमारे १.३ किलो वजनाचे पोलादी, दोन्हींनी मोठ्या स्पर्धा लढवल्या जातात. वजनदार पिस्तूल कमी उसळते आणि हलके लवकर वळते. यातले एक निवडून त्याच्याशी किमान एक हंगाम टिकून राहणे हे निवडीपेक्षाही महत्त्वाचे. होल्स्टर कडक हवे, चाप पूर्ण झाकणारे हवे आणि पिस्तूल प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच कोनात देणारे हवे. दुहेरी पट्टा वापरावा: आतला विजारीच्या लुप्यांतून आणि त्यावर चिकटणारा ताठ बाहेरचा, म्हणजे पिस्तूल उपसताना होल्स्टर वर ओढले जात नाही. प्रॉडक्शन विभागात मॅगझिनमध्ये १५ गोळ्यांची मर्यादा आहे आणि मोठ्या स्टेजला ३२ पर्यंत गोळ्या लागतात, तेव्हा कमरेला चार मॅगझिन तरी हवीतच. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालावा. अडकण्याचा दोष बहुधा एखाद्याच मॅगझिनचा असतो आणि क्रमांक नसेल तर तो सापडता सापडत नाही. डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि कानांना बंद यांशिवाय रेंजवर उभेच राहता येत नाही, त्यामुळे त्यांचा खर्च पहिला.

काडतुसांच्या बाबतीत शक्तीचे गणित पाळावे लागते. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले १०००, हा पॉवर फॅक्टर. मायनरसाठी तो किमान १२५ भरला पाहिजे. १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १०५० फूट वेगाने गेली तर तो १३०.२ येतो. काहीजण धक्का कमी व्हावा म्हणून १२५ च्या अगदी काठावर काडतुसे भरतात. थंड सकाळी दारूचा वेग किंचित उतरतो, स्पर्धेच्या वेगमापकावर आकडा १२४ येतो आणि त्या नेमबाजाची गुणांकनातून हकालपट्टी होते. चार-पाच अंकांची मोकळीक ठेवणे यात भित्रेपणा नाही.

साधनाच्या मोहाविषयी हा खेळ स्वतःच्या इतिहासातून बोलतो. कूपर यांना ही स्पर्धा म्हणजे कमरेला रोज बाळगायच्या पिस्तुलाची परीक्षा व्हायला हवी होती. पण गुण मोजले जाऊ लागले की माणसे गुण वाढवणारी साधने शोधतात. १९८० च्या दशकात धक्का वरच्या बाजूला वायू सोडून दाबणारे कॉम्पेन्सेटर आले. १९९० च्या सुमारास आघाडीच्या पिस्तुलांवर लाल ठिपका दाखवणारी भिंगे दिसू लागली. केवळ स्पर्धेसाठी घडवलेली ही पिस्तुले पाहून कूपर नाराज झाले आणि त्यांनी ती नाराजी उघडपणे लिहिली. संघटनेने पुढे वेगवेगळे विभाग केले: ओपन विभागात भिंगे आणि कॉम्पेन्सेटर चालतात, स्टँडर्डमध्ये पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, प्रॉडक्शनमध्ये फेरफार जवळजवळ बंद. कूपर यांचे दुःख समजण्यासारखे होते, पण विभागांचा तोडगा त्यांच्या तक्रारीपेक्षा शहाणा ठरला. साधनाचा प्रभाव नाकारण्याऐवजी त्याने तो सगळ्यांसाठी सारखा करून टाकला आणि उरलेला फरक माणसाचा ठेवला.

एकट्या नेमबाजाला मात्र हा तोडगा वाचवत नाही. स्पर्धेत हरलेला माणूस घरी येऊन नवा चाप, नवी मूठ, नवी स्प्रिंग शोधू लागतो, कारण ती पैशाने मिळतात आणि मिळाल्यासारखी वाटतात. प्रत्येक बदलानंतर हाताला ओळख पुन्हा करून घ्यावी लागते, ज्याला इंद्रिय व्हायचे होते ते पुन्हा वस्तू बनते. पतंजलींनी अभ्यास आणि वैराग्य यांची जोडी सांगितली, एकावाचून दुसरे पुरत नाही म्हणून. नेमबाजीतले वैराग्य साधनापासून सुरू होते. पिस्तूल चालते आहे, हाताला बसते आहे, तर त्याला हात लावू नये, आणि उरलेला पैसा गोळ्यांवर घालावा.

अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि त्याबद्दलचा सल्ला थोडक्यात देता येतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस परगण्याचे डेप्युटी शेरीफ जॅक वीव्हर यांनी दोन्ही हातांनी, एक कोपर वाकवून पिस्तूल धरण्याची पद्धत स्पर्धेत रूढ केली. १९८० च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनोस यांनी छाती लक्ष्याकडे सरळ आणि दोन्ही हात सारखे पुढे अशी रीत पुढे आणली. आज जवळजवळ सगळे तीच वापरतात. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर. आधाराच्या हाताने जास्त जोर द्यायचा आणि गोळी झाडणाऱ्या हाताचे बोट मोकळे ठेवायचे. चाप दाबताना सगळी मूठ आवळली की उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी खाली आणि डावीकडे जाते. गुडघे किंचित वाकलेले, वजन पावलांच्या पुढच्या भागावर. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाताना आधी डोळे जातात, लक्ष्याच्या मध्यावरच्या एका लहानशा बिंदूवर स्थिरावतात, आणि पिस्तूल त्यांच्यामागे येते. पिस्तूल आधी फिरवून नंतर शोधणारा माणूस दरवेळी लक्ष्य ओलांडून पुढे जातो.

चेष्टा, म्हणजे सराव, हा या खेळाचा गाभा आहे. त्याचा बराच भाग गोळी न झाडता होतो. या ड्राय फायरसाठी पहिली अट सुरक्षिततेची: पिस्तूल रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, एकही जिवंत काडतूस त्या खोलीत ठेवायचे नाही आणि समोरची भिंत गोळी अडवील अशी निवडायची. भिंतीवर लक्ष्याच्या एक तृतीयांश आकाराची कागदी प्रतिकृती लावली आणि सव्वातीन मीटरवरून पाहिले की ती जवळपास १० मीटरवरच्या पूर्ण लक्ष्याएवढी दिसते. टायमरवर आरंभाचा आणि शेवटचा असे दोन बीप लावायचे. उपसणे, दोन्ही हात छातीसमोर मिळणे, पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत पुढे जाणे, साइट दिसणे, चाप दाबणे: हे सगळे दोन बीपांच्या मध्ये बसले पाहिजे. दोन सेकंदांत निर्मळ जमले की वेळ दहाव्या हिश्शाने कमी करायची.

नेमकी इथे फसवणुकीला जागा असते. दुसरा बीप वाजायच्या आत चाप दाबला गेला, पण साइट लक्ष्यावर होती का? हे दुसऱ्या कोणालाही कळणारे नसते. खोलीत परीक्षक नाही, कागदावर भोक नाही. वेळ जमली म्हणून खूश होणारा नेमबाज महिनाभरात चुकीची हालचाल पक्की करून बसतो, कारण स्नायू चूक आणि बरोबर यांत भेद करत नाहीत, त्यांच्याकडून जे करून घेतले तेच ते धरून ठेवतात. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घ काळ आणि अखंडपणा यांबरोबर आदराची अट घातली आहे. सरावाच्या संदर्भात आदर म्हणजे काय हे ड्राय फायर फार स्वच्छ दाखवते: जे दिसले नाही ते दिसले असे स्वतःला न सांगणे. रोजची वीस मिनिटे या प्रामाणिकपणाने केली तर ती आठवड्यातल्या एका लांबलचक, थकवणाऱ्या बैठकीपेक्षा मोलाची ठरतात.

ड्राय फायर धक्का शिकवू शकत नाही. त्यासाठी जिवंत गोळ्यांचा सराव लागतो, आणि त्यात एका बैठकीत एकच गोष्ट तपासावी. बिल विल्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा बिल ड्रिल मुठीची परीक्षा घेतो: ७ यार्डांवरच्या एका लक्ष्यावर होल्स्टरमधून काढून सहा गोळ्या, सगळ्या ए विभागात. मूठ ढिली असेल तर चौथी-पाचवी गोळी पसरते. कूपर यांनी रचलेला एल प्रेसिडेंटे बरेच काही एकत्र आणतो: १० यार्डांवर तीन लक्ष्ये, नेमबाज पाठ करून उभा, बीपवर वळून प्रत्येकावर दोन, मॅगझिन बदलून पुन्हा दोन-दोन. कूपर यांनी त्यासाठी १० सेकंदांची अपेक्षा ठेवली होती. आजचे आघाडीचे नेमबाज तो सुमारे निम्म्या वेळात पूर्ण करतात. वर्षानुवर्षांच्या सुधारणेत साधनांचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा सरावाच्या पद्धतीचा आहे.

घड्याळाशी बांधलेला हा सराव महाराष्ट्राला अगदी परका नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याच्या रॅपिड फेरीत लक्ष्य फक्त ३ सेकंद दिसते आणि मग ७ सेकंद झाकले जाते. हात खाली असतो. त्या तीन सेकंदांत तो वर येऊन एक गोळी सुटली पाहिजे. त्यामागची तयारीही अशीच रिकाम्या पिस्तुलाने हजारो वेळा केलेल्या हालचालीची असते.

यानंतर कर्त्याचा प्रश्न टाळता येत नाही. सराव इतका मुरला की हात आपोआप चालतात, तर नेमबाज काय करतो? ब्रायन एनोस यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात, तंत्राच्या पुढे जाऊन, याचे उत्तर पाहण्यात शोधले. गोळी सुटते त्या क्षणी साइट कुठे होती, ती कशी उचलली गेली, हे जो पाहतो त्याला लक्ष्याकडे न बघताच गोळी कुठे लागली ते कळते. नेमबाज याला शॉट कॉल करणे म्हणतात. पंधरा मीटरवरच्या कागदावरचे भोक दिसत नाही, तरी साइट किंचित डावीकडून उचलली गेल्याचे ज्याने पाहिले तो तिसरी गोळी लगेच झाडतो, दंड टाळतो आणि पुढे निघतो. ज्याने पाहिले नाही तो एक तर थांबून कागद न्याहाळतो, नाही तर आशेवर पुढे धावतो.

हे साक्षीभावाचे उदाहरण आहे असे वाटणे साहजिक आहे. सांख्यांच्या मते प्रकृती कर्म करते आणि पुरुष केवळ पाहतो. त्याच्या पाहण्याने काही घडत नाही. नेमबाजाचे पाहणे मात्र असे अलिप्त नाही. ते हातांना चालवत नाही हे खरे, पण पुढे काय व्हायचे ते त्यावरच ठरते. पुरेसे दिसले की चाप दाबला जातो, दिसले नाही तर बोट थांबते. जवळच्या मोठ्या लक्ष्यासाठी पिस्तुलाची ढोबळ बाह्याकृती दिसली तरी पुरते. दूरच्या अर्ध्या झाकलेल्या लक्ष्यासाठी पुढची साइट कडांसकट स्पष्ट दिसावी लागते. किती पाहायचे हे ठरवणे हेच तिथले कर्तृत्व. म्हणून सांख्यांचा निष्क्रिय साक्षी या खेळात टिकत नाही. इथला साक्षी हुकूम देत नाही, परवानगी देतो, आणि परवानगी देणारा जबाबदार असतो.

१९८३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाला बोट हलवायची इच्छा जाणवण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत त्या हालचालीची विद्युत खूण दिसली होती. त्यावरून इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे असे निष्कर्ष काढले गेले. नेमबाजीच्या अनुभवाशी हा निष्कर्ष जुळत नाही. स्टेज सुरू होण्याआधी नेमबाजांना ती चालून पाहायला काही मिनिटे मिळतात. कुठे उभे राहायचे, कोणते लक्ष्य आधी, मॅगझिन कोणत्या पावलावर बदलायचे, हे तेव्हा ठरते. मग डोळे मिटून तीच चाल मनात पुन्हा पुन्हा चालवली जाते. निर्णय तिथे झालेला असतो, आणि त्याही आधी महिनोन्महिन्यांच्या सरावात. बीपनंतरचे सेकंद म्हणजे घेतलेल्या निर्णयांची अंमलबजावणी. इच्छा सेकंदाच्या अंशात शोधली तर ती सापडणार नाही; ती पसरलेली आहे, मागच्या आठवड्यांत आणि वर्षांत.

उरले दैव. वारा, पावसात भिजलेली लक्ष्ये, डोळ्यांवर येणारा सूर्य, स्टेजवर पहिल्यांदा उतरण्याचा क्रम. पोलादी पॉपर गोळी लागूनही पडला नाही तर नेमबाज त्याच्या तपासणीची मागणी करू शकतो. अधिकारी ठरलेल्या काडतुसाने तो मारून पाहतो, पडला तर ती गोळी चुकलेली धरतात, न पडल्यास स्टेज पुन्हा मिळते. नियम दैवाला शक्य तेवढे कोंडीत पकडतात, तरी थोडे सुटतेच. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या रायफल प्रकारात लॅनी बॅशम आणि मार्गारेट मर्डॉक यांचे गुण अगदी सारखे, ११६२, झाले. बरोबरी मोडण्याच्या नियमाने सुवर्ण बॅशम यांना गेले. पदक घेताना त्यांनी मर्डॉक यांना हात देऊन आपल्या पायरीवर वर घेतले.

स्टोइक तत्त्वज्ञांनी या विषयासाठी धनुर्धराचेच उदाहरण निवडले होते. सिसेरोच्या ग्रंथात ते नोंदलेले आहे. धनुर्धराचे ध्येय म्हणजे नेम साधण्यासाठी आपल्या हातात आहे ते सर्व करणे. बाण लागणे हे निवडण्याजोगे असले तरी अंतिम ध्येय नव्हे. टीकाकारांना हे विचित्र वाटले: लागावा म्हणूनच तर तो बाण सोडतो. टीका चूक नाही, पण तिला उत्तर सरावाच्या वहीत मिळते. जो नेमबाज वहीत फक्त क्रमांक आणि गुण लिहितो त्याला पुढच्या आठवड्यात काय करायचे ते कळत नाही. जो 'तिसऱ्या लक्ष्यावर साइट पाहिली नाही' किंवा 'डावीकडे जाताना मॅगझिन उशिरा बदलले' असे लिहितो, त्याच्यापुढे काम असते. फळाची इच्छा राहतेच, आणि राहावी. लक्ष मात्र हातातल्या गोष्टीवर ठेवता येते.

या सगळ्याखाली अहिंसेचा प्रश्न आहे आणि तो बाजूला सारणे अप्रामाणिक ठरेल. पिस्तूल माणसाला मारण्यासाठी बनले. या खेळाची मुळेही शस्त्रसज्जतेत आहेत. माणसाच्या आकाराच्या लक्ष्यांवर अनेक देशांत आक्षेप आले आणि त्यातून डोके नसलेले लक्ष्य पुढे आले. केवळ कागद आणि पोलाद मारले जाते एवढ्याने प्रश्न मिटत नाही. जैन तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीबरोबर प्रमादाला, म्हणजे बेसावध वृत्तीला, मुळाशी ठेवते. आणि जैन साधूने पाळायच्या समितींपैकी एक वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायच्या काळजीविषयी आहे. या निकषावर पाहिले तर रेंजचे नियम फार कठोर दिसतात. नळी ठरलेल्या कोनाबाहेर वळली, चालताना बोट चापाच्या कड्यात राहिले, भरलेले पिस्तूल हातातून पडले किंवा गोळी अनपेक्षितपणे सुटली, की नेमबाज त्या क्षणी स्पर्धेतून बाद होतो. कोणाला इजा झाली का, हेतू काय होता, तो जगज्जेता आहे का, यातले काही विचारले जात नाही. इथे शिक्षा परिणामाला नसून प्रमादाला आहे. शस्त्राचे मूळ हिंसक आहे हे यामुळे पुसले जात नाही; पण शस्त्र हाती घेऊन अप्रमादाचा इतका काटेकोर अभ्यास दुसऱ्या कोणत्याही खेळात क्वचितच होत असेल.

भारतात नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सर्वसामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते, त्यामुळे हा खेळ जसा युरोप-अमेरिकेत खेळला जातो तसा इथे खेळता येत नाही. ज्याला या वाटेने शिकायचे आहे त्याने मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये एअर पिस्तुलापासून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. रिकामे पिस्तूल तपासून टेबलावर कसे ठेवायचे हा तिथला पहिला धडा असतो, आणि तो नीट येईपर्यंत पुढचा मागू नये.